सहा नंबरची जर्सी

दक्षिण आफ्रिकेत रग्बी हा अनेक वर्षे गोऱ्यांचा खेळ मानला जाई. 'स्प्रिंगबॉक' हा राष्ट्रीय संघ बहुसंख्य कृष्णवर्णीयांना आपला वाटत नसे. कित्येक जण तर पाहुण्या संघाचा जयजयकार करीत. १९९५ साली विश्वचषकाच्या अंतिम सामन्याला राष्ट्राध्यक्ष नेल्सन मंडेला त्याच संघाची हिरवी जर्सी घालून आले. पाठीवर गोरा कर्णधार फ्रान्स्वा पिनार याचा सहा नंबर होता.

त्या वेळी पोर्ट एलिझाबेथच्या झ्विडे वस्तीत सियाम्थांडा कोलिसी नावाचा मुलगा नुकताच चार वर्षांचा झाला होता. सियाम्थांडा म्हणजे 'आमचे त्याच्यावर प्रेम आहे'. आईवडील अगदी कोवळ्या वयाचे, म्हणून त्याला आजीने वाढवले. घरात अठराविश्वे दारिद्र्य. एक वीट हीच त्याची खेळण्यातली मोटार. आजी स्वतः उपाशी राहून नातवाला भरवी. पुढे त्याच्याच मिठीत तिने प्राण सोडला. आईही गेली.

बाराव्या वर्षी एका स्पर्धेत त्याचा खेळ जाणकारांच्या नजरेत भरला आणि ग्रे या नामांकित शाळेची शिष्यवृत्ती मिळाली. इंग्रजी धड येत नव्हते; ते तो वर्गमित्राकडून शिकला. २०१३ मध्ये तो देशाकडून पहिला कसोटी सामना खेळला. आईच्या मृत्यूनंतर दुरावलेल्या सावत्र भावंडांचाही त्याने शोध घेतला, त्यांना घरी आणले आणि त्यांचा सांभाळ केला.

२०१८ साली सिया कोलिसी स्प्रिंगबॉकचा पहिला कृष्णवर्णीय कसोटी कर्णधार झाला. त्याच्याही पाठीवर सहा नंबरच होता. पहिल्याच सामन्यात इंग्लंडविरुद्ध संघ ३-२४ असा मागे पडला, तरी ४२-३९ असा जिंकला. पुढच्या वर्षी योकोहामा येथे इंग्लंडलाच ३२-१२ असे हरवून त्याने विश्वचषक उचलला, तेव्हा आयुष्यात प्रथमच परदेशी आलेले त्याचे वडील मैदानात हजर होते. एप्रिल २०२३ मध्ये गुडघ्याला गंभीर दुखापत होऊन शस्त्रक्रिया झाली. तरीही ऑक्टोबरमध्ये पॅरिस येथे न्यूझीलंडवर १२-११ अशी मात करून त्याने तो चषक राखला.

२०२० मध्ये महामारीने लोकांचे रोजगार बुडाले, तेव्हा त्याच्या प्रतिष्ठानने गरीब वस्त्यांत अन्नधान्य वाटले. भूक म्हणजे काय, हे विटेची मोटार चालवणाऱ्या त्या मुलाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.