लय चुकते तेव्हा

प्रीमियर पद्मिनीचे इंजिन चार सिलिंडरांचे. एक, तीन, चार, दोन अशा ठरलेल्या क्रमाने त्यांत ठिणगी पडते. कानाला मात्र एकच अखंड लय जाणवते. एखादा सिलिंडर पेटेनासा झाला, की ही लय लंगडते. गाडी ‘मिसिंग’ करू लागते.

जाणता मिस्त्री अशा वेळी सुटे भाग बदलण्याची घाई करीत नाही. इंजिन चालू ठेवून, रबरी मुठीच्या पकडीने तो एकेका प्लगची वायर क्षणभर काढतो. चालता सिलिंडर असा तोडला, की इंजिन अधिकच अडखळते. ज्याच्या तुटण्याने काहीच फरक पडत नाही, दोष तिथे. मग प्लग बोलू लागतो. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. तेलकट ओल म्हणजे बहुधा झिजलेल्या रिंगा. प्लग निर्दोष निघाला, तर वायर आणि डिस्ट्रिब्यूटरची टोपी पाहावयाची. पावसाळ्यात टोपीतला ओलावाही पुरेसा होतो. इंजिन खोलणे अगदी शेवटी.

टॅक्सीवाल्याला या क्रमाचे मोल ठाऊक होते. वायर घटकेत बदलता येई; इंजिन विनाकारण खोलले, तर कमाईचे दिवस बुडत.

२०२३च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. नव्या गाडीत कोणता सिलिंडर चुकला, हे यंत्राच्या पडद्यावरील संकेतांक सांगतो. तो का चुकला, हे मात्र आजही माणसालाच शोधावे लागते.