एकच चाक का तापतं?

"डॉक्टर, सूज तर सूज, एका पायाला आली काय नि दोन्ही पायांना आली काय, फरक काय पडतो?" असं मला बरेच जण विचारतात. यावेळी उत्तर जरा लांबून देतो, आमच्या घरच्या जुन्या पिकअपच्या चाकावरून.

माझा धाकटा भाऊ या पिकअपमधून मंचरकडचा कांदा चाकणच्या मार्केटला आणतो. मागच्या उन्हाळ्यात गाडीला एक खोड लागली. नाशिक हायवेला दहा-बारा किलोमीटर चालली की स्टेअरिंग डावीकडे ओढायचं आणि पुढच्या डाव्या चाकातून जळका वास यायचा. सकाळी मात्र गाडी चांगली. एका गॅरेजवाल्याने ब्रेक पॅड बदलले. आठ दिवसांनी पुन्हा तेच. मग त्यानेच डाव्या बाजूचा कॅलिपर बदलला. कॅलिपर म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारा भाग. पैसे बरेच गेले आणि वास काही गेला नाही.

एका दुपारी भावाचा फोन आला. "दादा, खेड घाट उतरताना पॅडल पार तळाला गेलं." गिअर खाली टाकून आणि हँडब्रेक ओढून त्याने गाडी कशीबशी कडेला घेतली होती. मागे कांदा भरलेला. फोनवर त्याचा आवाज अजून थरथरत होता.

झालं काय होतं? साध्या डॉट ३ ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २०५ अंश सेल्सिअस असतो. हे ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं, आणि पुरेसं ओलसर झालं की तोच आकडा १४० पर्यंत उतरू शकतो. सतत धरून राहिलेल्या ब्रेकने चाक इतकं तापलं की आतलं ऑइल उकळलं. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. त्यामुळे पायाचा सगळा जोर वाफेचे बुडबुडे दाबण्यातच गेला.

रविवारी आम्ही भोसरी एमआयडीसीजवळच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. दवाखान्यातलं कपाळाचा ताप मोजायचं यंत्र मी मोठ्या हौसेने सोबत नेलं होतं. चाकावर धरलं तर त्याने नुसतं 'हाय' दाखवलं. त्याची धाव बेचाळीस-त्रेचाळीस अंशांपर्यंतच! मिस्त्रीमामांनी हसून दोन्ही पुढच्या चाकांच्या डिस्कवर बोटाने पाण्याचे चार-चार थेंब उडवले. उजवीकडे थेंब ओघळले, डावीकडे चर्र झालं.

मग त्यांनी हत्यार न उचलता प्रश्न विचारायला सुरुवात केली. "सुरू केल्या केल्या धरतो, का चालल्यावर? दोन्ही चाकं, का एकच? गाडी उभी ठेवली की किती वेळाने सुटतं?" भाऊ म्हणाला, चालल्यावर, एकच, आणि तासाभराने आपोआप सुटतं. मी बाजूला उभा राहून ऐकत होतो. आम्हाला वैद्यकीय कॉलेजात हेच शिकवतात आणि गर्दीच्या ओपीडीत आम्ही हेच विसरतो.

चाक जॅकवर घेऊन खाली ठोकळे लावले. ब्रेक दोन-तीनदा दाबून सोडला, तर चाक हाताने फिरेना. मामांनी कॅलिपरवरचा एअर काढायचा निपल जरासा सैल केला. ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक गरकन फिरलं. "कॅलिपर बिचारा निर्दोष आहे, डॉक्टर. पिस्टन अडकला असता तर ऑइल सोडूनही चाक सुटलं नसतं. दाब आत कोंडलाय."

कोंडला कुठे, ते शोधायला त्यांनी निपल आवळून पुन्हा ब्रेक दाबायला लावला. चाक पुन्हा जाम. आता त्यांनी रबरी पाइपच्या वरचा, लोखंडी नळीकडचा जोड सैल केला. चाक जाम ते जामच. खालचा निपल सैल करताच सुटलं. म्हणजे अडथळा या दोन जागांच्या मधे, त्या वीतभर रबरी पाइपमध्ये. बाहेरून पाइप धडधाकट दिसत होता. कापून पाहिला तर आतलं अस्तर फुगून वाट जवळपास बुजलेली. पायाच्या जोराने ऑइल पुढे रेटलं जायचं, पण परत यायला तेवढा जोर नाही, म्हणून ते झिरपत झिरपत तासाभराने यायचं. मास्टर सिलिंडरचा दोष असता तर बहुधा दोन्ही पुढची चाकं तापली असती.

आता पायाकडे येतो. दोन्ही पाय सुजले की आम्ही आधी वर पाहतो: हृदय, मूत्रपिंड, यकृत, रक्तातली प्रथिनं. रक्तदाबाच्या अ‍ॅम्लोडिपिनसारख्या गोळीनेही घोटे सुजतात (गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा). एकच पाय सुजला की बहुतेक वेळा कारण त्याच पायात किंवा त्याच्या वाटेवर असतं: जंतुसंसर्ग, हत्तीरोग, किंवा खोल शिरेत धरलेली रक्ताची गाठ. रक्त पायात जातं, परत येताना तुंबतं.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. काही वर्षांपूर्वी एक कामगार सुजलेली डावी पोटरी घेऊन माझ्याकडे आला. मी जंतुसंसर्ग समजून अँटिबायोटिक दिलं. तीन दिवसांनी फरक नव्हता, तर दुसरं दिलं. १९५४ साली देशाचा पेनिसिलिनचा कारखाना आमच्या पिंपरीत आला, तेव्हापासून अँटिबायोटिकवर आमचा जरा जास्तच जीव असावा! हाड मोडल्याने तो महिनाभर पाय प्लास्टरमध्ये घेऊन पडून होता, हे मी विचारलंच नव्हतं. तिसऱ्या खेपेला विचारलं, त्याच दिवशी डॉपलर सोनोग्राफी केली, तर शिरेत मांडीपर्यंत गाठ. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांवर तो बरा झाला. ते गॅरेजवाले पॅड आणि कॅलिपर बदलत होते, मी गोळ्या बदलत होतो. ती गाठ सुटून फुप्फुसात गेली असती तर त्याचा जीव गेला असता.

म्हणून एक पाय अचानक सुजला, पोटरी दुखू लागली, आणि त्याआधी ऑपरेशन, प्लास्टर, लांबचा प्रवास किंवा बाळंतपण झालेलं असेल, तर पाय चोळू नका, तेल लावून रगडू नका. त्याच दिवशी दाखवा आणि आधी काय काय झालं ते न विचारताही सांगा. सोबत धाप लागली किंवा छातीत दुखलं तर दवाखान्याची वेळ पाहू नका, थेट मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा.

मामांनी दोन्ही बाजूंचे रबरी पाइप नवे टाकले, ऑइल बदललं, एअर काढली. भाऊ अजूनही मंचरहून आला की आधी पाण्याची बाटली घेऊन पुढच्या दोन्ही चाकांपाशी वाकतो. कापलेला पाइप माझ्या टेबलाच्या खणात आहे. शिरेतली गाठ समजावताना तो काढून दाखवतो.