विहाराची चावी कोणाकडे?



हिंदमाता म्हटले की मुंबईकराला दोनच गोष्टी आठवतात. कपड्यांची दुकाने आणि पावसाळ्यात तुंबणारे पाणी. आम्ही याच पाण्यात लहानाचे मोठे झालो. २६ जुलै २००५ च्या रात्री आमच्या चाळीत कोणी अध्यक्ष नव्हता, कोणी कार्याध्यक्ष नव्हता. तरीही तळमजल्यावरची म्हातारी माणसे वर पोहोचली, अडकलेल्या वाटसरूंना चहा-खिचडी मिळाली, पोरांनी दोर बांधून लोकांना रस्ता ओलांडून दिला. संकटात आमचा समाज न सांगता संघटित होतो. खरा प्रश्न पाणी ओसरल्यानंतरचा आहे. संकट नसताना, रोजच्या कामासाठी आम्ही किती दिवस एकत्र राहतो?

आमचाच अनुभव सांगतो. आठ-नऊ वर्षांपूर्वी आम्ही वस्तीतल्या विहारात रात्रीची अभ्यासिका सुरू केली. नुकतेच समाजशास्त्रात एम.ए. झालो होतो. समाजविकास, सक्षमीकरण, नेतृत्व हे शब्द तोंडात ताजे होते. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे राहतात, तिथे मुलांनी अभ्यास कुठे करायचा? वर्गणी काढली, टेबले आली, पंखे लागले, स्पर्धा परीक्षांची पुस्तके आली. दोन वर्षांत सगळे बंद पडले.

कारण साधे होते. विहाराची चावी, वर्गणीची वही आणि बँकेचे पासबुक, तिन्ही एकाच भाऊंकडे होते. भाऊ राबायचे, म्हणून आम्ही कधी काही विचारले नाही. पुढे ते पक्षाच्या कामात गुंतले आणि विहाराला रात्रीचे कुलूप लागले. परीक्षेच्या तोंडावर एक मुलगी रोज यायची आणि कुलूप बघून परत जायची. एकदा तिने विचारले, "दादा, चावी कोणाकडे आहे?" उत्तर माहीत असूनही आम्हाला मान वर करता आली नाही. त्या वर्षी ती परीक्षेला बसली नाही.

दोष भाऊंवर टाकून मोकळे होणे सोपे आहे. पण सगळे त्यांच्यावर सोपवून निवांत झोपलो ते आम्हीच ना?

याची लाज जास्त वाटते, कारण हिंदमात्याहून चालत जाता येईल इतक्या अंतरावर परळच्या दामोदर हॉलची जागा आणि बी.आय.टी. चाळ आहे. त्या चाळीतल्या दोन छोट्या खोल्यांत बाबासाहेबांनी आयुष्याची कितीतरी वर्षे काढली. ९ मार्च १९२४ रोजी दामोदर हॉलमध्ये त्यांनी सभा बोलावली आणि २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. तेव्हा त्यांचे वय ३३ होते, म्हणजे आज आमचे आहे तेवढेच! या सभेची रचना नीट पाहा. अध्यक्षपदी सर चिमणलाल सेटलवाड होते, उपाध्यक्षांतही बाहेरची मान्यवर मंडळी होती. पण व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्ष स्वतः बाबासाहेब, चिटणीस शिवतरकर आणि खजिनदार जाधव, म्हणजे बहिष्कृत समाजातलीच माणसे. मानाची पदे बाहेर दिली, कारभार मात्र आपल्या हाती ठेवला. कामेही भाषणांपुरती नव्हती. ४ जानेवारी १९२५ पासून सोलापुरात विद्यार्थी वसतिगृह सुरू झाले. मुंबईत मोफत वाचनालय निघाले, तरुण वाईट नादाला लागू नयेत म्हणून हॉकी क्लबही निघाला.

त्याच काळात जपानमध्ये काय चालले होते? तिथल्या बुराकू समाजाला जन्मावरूनच अपवित्र ठरवले जात होते. १८७१ च्या फर्मानाने हा भेद कागदावर संपला, व्यवहारात संपला नाही. वरच्या लोकांच्या सहानुभूतीवर चालणाऱ्या सुधारणेचा त्यांना वीट आला. ३ मार्च १९२२ रोजी क्योतोमध्ये त्यांनी सुइहेइशा ही संघटना उभी केली आणि आपली मुक्ती आपणच मिळवू असे जाहीर केले. तो जाहीरनामा लिहिणारा साइको मानकिची बौद्ध विहाराच्या घरात जन्मला होता. वय अवघे सव्वीस. आशियाच्या दोन टोकांना, दोन वर्षांच्या अंतराने, दबलेल्या समाजातले तरुण एकाच निष्कर्षाला आले. उपकाराने समाज उभा राहत नाही, स्वतः चालवलेल्या संघटनेने राहतो.

हे शिकायला क्योतोला जायची गरज नाही, आईचा बचत गट पाहिला तरी पुरे. त्यातल्या अर्ध्या बायका सही शिकल्या त्याच गटात. पण दर बैठकीला हिशेब मोठ्याने वाचला जातो आणि पदे आलटून पालटून फिरतात. तो गट पंधरा वर्षे टिकला. आमची पदवीधरांची अभ्यासिका दोन वर्षांत बुडाली. मग सक्षम कोणाला म्हणायचे?

काही कार्यकर्ते म्हणतात, "शत्रू समोर उभा असताना आपल्याच माणसाला हिशेब मागायचा? याने फूट पडते." आम्हाला हे पटत नाही. फूट पडते ती मनात दाबून ठेवलेल्या संशयाने. उघड वाचलेल्या हिशेबाने विश्वास वाढतो. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतील भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातील भक्तीचा धोका सांगितला. त्याच भाषणात त्यांनी आठवण करून दिली की ठराव, गणसंख्या, मतमोजणी हे सारे नियम बौद्ध भिक्खू संघाला ठाऊक होते. तथागतांनी आपल्यामागे कोणी वारस नेमला नाही, धम्मालाच मार्गदर्शक मानायला सांगितले. ज्या संघाने शास्त्याच्या पश्चात नियमांवर चालायचे ठरवले, त्याचा वारसा सांगणारे आपण एका भाऊंच्या पश्चात एक खोली उघडी ठेवू शकलो नाही!

गेल्या वर्षी आम्ही अभ्यासिका पुन्हा उघडली. आता चाव्या तीन आहेत, त्यातली एक मुलींकडे असते. खजिनदार एक ताई आहेत. महिन्याचा जमाखर्च फळ्यावर लिहिला जातो आणि कोणतेही पद एका वर्षापेक्षा जास्त नाही. यंदा जयंतीच्या बैठकीत डीजेचा खर्च निम्मा करून उरलेले पैसे पुस्तकांना द्यावेत असा ठराव आला. वाद झाला, आवाज चढले, शेवटी हात वर करून मते मोजली. ठराव चार मतांनी मंजूर झाला. हरलेली पोरे दुसऱ्या दिवशी पताका लावायला हजर होती.

मित्रांनो, आपल्या वस्तीतला नेता किती मोठा आहे हे त्याच्या बॅनरवरून मोजू नका. तो चार महिने गावाला गेला तर विहाराचे दार उघडेल का, एवढेच विचारा. आणि उत्तर नाही असे आले, तर त्याला दोष देण्याआधी पुढच्या बैठकीत उभे राहून दुसरी चावी मागा.

जय भीम! नमो बुद्धाय!