कर्त्याची जागा

बारावीच्या इंग्रजीच्या पेपरात 'डू अॅज डायरेक्टेड' हा प्रश्न असतो आणि व्हॉइस बदलणं हे त्यातलं नेहमीचं काम. अमरावती विभागीय मंडळाकडे अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशीम हे जिल्हे आहेत. तिथल्या मराठी माध्यमाच्या मुलांनी या कामाची एकच रीत पाठ केलेली असते. शेवटचं नाम पुढे आणायचं, टु बीचं रूप घालायचं, क्रियापदाचा थर्ड फॉर्म लिहायचा, 'बाय' टाकायचा आणि पहिलं नाम मागे न्यायचं. अमरावतीच्या राजापेठेतल्या शिकवणीत हेच, अकोल्याच्या रामदासपेठेतही हेच. गुण पदरात पडतात. पण त्याच मुलाला 'माझी सायकल चोरीला गेली' हे इंग्रजीत सांगायला लावलं, की तो अडतो. चोर कोण हे त्याला ठाऊक नसतं आणि 'बाय'च्या पुढची जागा रिकामी ठेवता येते, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. मग तो 'बाय समवन' लिहितो.

खरं तर पॅसिव्ह वाक्याची मोठी सोय हीच, की कर्ता गाळता येतो. इंग्रजी वर्तमानपत्र, वैद्यकीय अहवाल, न्यायालयाचा निकाल, काहीही उघडा. पॅसिव्हच्या बहुतेक वाक्यांत 'बाय' येतच नाही. शाळेत मात्र तो प्रत्येक वाक्यात येतो. सरावाची वाक्यं व्याकरणाने बिनचूक असतात, पण तशी वाक्यं कुणी बोलत नाही की लिहीत नाही.

गोंधळाचं मूळ इंग्रजीच्या तासाला सापडत नाही. तो मराठीच्या तासाहून मुलांसोबत आलेला असतो. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६ मध्ये छापलं गेलं. मोरो केशव दामल्यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ मध्ये आलं आणि त्यात प्रयोगविचाराची कसून चर्चा झाली. शाळेत त्यातलं उरतं ते एवढंच : कर्तरी, कर्मणी, भावे. इंग्रजीचा तास सुरू झाला, की फळ्यावर दोन जोड्या लागतात. अॅक्टिव्ह म्हणजे कर्तरी, पॅसिव्ह म्हणजे कर्मणी. ही जोडीच चुकीची आहे, आणि ती वर्षानुवर्षं निर्धास्तपणे शिकवली जाते.

'रामाने आंबा खाल्ला' घ्या. चिंच असेल तर खाल्ली, पेरू असतील तर खाल्ले. क्रियापद कर्माच्या मागे चालतं, म्हणून हा कर्मणी प्रयोग. मूल जोडी लावतं आणि लिहितं, 'द मँगो वॉज ईटन बाय राम.' त्याचा तर्क अचूक आहे, त्याला दिलेलं सूत्रच खोटं आहे. मराठी वाक्यात राम कुठेही हललेला नाही. तो पहिल्या जागी आहे, खाणारा तोच आहे आणि बोलणाऱ्याचं लक्षही त्याच्यावर आहे. इंग्रजीत हे सरळ अॅक्टिव्ह वाक्य : 'राम एट अ मँगो.' भाषाशास्त्रज्ञ मराठीच्या या रचनेला अर्गेटिव्ह म्हणतात. हिंदीच्या 'राम ने आम खाया'मध्येही तीच आहे. 'राम आंबा खातो' म्हटलं, की प्रयोग पुन्हा कर्तरी होतो. त्यामुळे वह्या तपासताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी : हा घोटाळा वर्तमानकाळात फारसा होत नाही, भूतकाळ आला की होतो. कापसाच्या हंगामात घरीदारी ऐकू येणारं 'बायायनं कापूस येचला' हे वाक्यही कर्मणीच आहे, आणि वेचणाऱ्या बाया त्यात अगदी समोर उभ्या आहेत.

इंग्रजी पॅसिव्हच्या जवळ जाणारा प्रकार मराठी व्याकरणात वेगळा नोंदलेला आहे. 'रावण रामाकडून मारला गेला' हा नवीन कर्मणी. तो इंग्रजीच्या धर्तीवर आला, असं व्याकरणाची पुस्तकंच सांगतात. तुलना करायची तर याच्याशी करावी. शिक्षकाने पहिल्याच तासाला एवढं केलं, तरी पुढचा निम्मा त्रास वाचतो.

पण त्याहून चांगली सुरुवात वर्गातच हाताशी असते. खिडकीची काच फुटते. 'कोनं फोडली?' असं विचारलं, की उत्तर येतं, 'सर, काच फुटली.' मराठीने क्रियापदांच्या अशा जोड्या करून ठेवल्या आहेत : फुटणं-फोडणं, तुटणं-तोडणं, पडणं-पाडणं, मरणं-मारणं. कर्ता झाकायचा असेल, तर वऱ्हाडातल्या मुलाला पॅसिव्हची गरजच पडत नाही. तो जोडीतलं पहिलं क्रियापद उचलतो. आता इंग्रजीची तीन वाक्यं फळ्यावर लिहावीत. 'ही ब्रोक द विंडो.' 'द विंडो वॉज ब्रोकन.' 'द विंडो ब्रोक.' मराठीत : त्याने काच फोडली, काच फोडली गेली, काच फुटली. पहिल्यात कर्ता दिसतो. तिसऱ्यात कर्ता नाहीच, जणू काच आपोआप गेली. मधल्यात कर्ता आहे, पण त्याचं नाव घेतलेलं नाही. पॅसिव्हचं सारं मर्म या मधल्या वाक्यात आहे आणि सातवीतल्या मुलालाही ते चटकन कळतं, कारण कोण कुणाला वाचवतंय हे त्याला चांगलं माहीत असतं.

एक अवघड जागा मात्र उरते. 'त्याले पुस्तक देल्लं' यातला 'त्याले' मराठीत 'ले' किंवा 'ला' सोडून पुढे येऊ शकत नाही. इंग्रजीत तोच थेट कर्त्याच्या खुर्चीत बसतो : 'ही वॉज गिवन अ बुक.' मुलं 'हिम वॉज गिवन' लिहितात. इथे समजुतीपेक्षा सराव कामाला येतो. ऐकवत राहावं, म्हणून घ्यावं.

अकोल्यात या विषयाला आणखी एक अंग आहे. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ मध्ये स्थापन झालं. तिथे एम.एस्सी. करणारी कितीतरी मुलं कास्तकारांच्या घरची असतात. घरी ती 'पेरणी झाली', 'निंदण झालं', 'डवरण राह्यलं' असं बोलतात. कुणी केलं हे सांगायची गरज नसते, वावर कुणाचं हे सगळ्यांना ठाऊक असतं. प्रबंध इंग्रजीत लिहायचा. 'मटेरियल अँड मेथड्स'च्या प्रकरणात वाक्यं अशी असतात : द सीड्स वेअर ट्रीटेड, द प्लॉट्स वेअर वीडेड, द ऑब्झर्व्हेशन्स वेअर रेकॉर्डेड. या मुलांना पॅसिव्ह परका वाटायचं कारण नाही, 'पेरणी झाली' हा त्याचा सख्खा शेजारी आहे. तरी तीही 'बाय' शोधत बसतात. मग 'सोइंग वॉज डन बाय डिब्लिंग' असं वाक्य वाचनात आलं, की गडबडतात, कारण इथे 'बाय'नंतर माणूस नाही, टोकण पद्धत आहे. 'बाय' म्हणजे कर्ता, हे शाळेतलं सूत्र इथे उघडं पडतं.

या प्रकरणात पॅसिव्ह योग्यच आहे. दोन ओळींत अंतर किती, खत कधी दिलं, प्लॉट कसे पाडले, हे वाचणाऱ्याला हवं असतं. बी कुणाच्या हाताने पडलं, हे नको असतं. मात्र निष्कर्षाच्या प्रकरणातही 'इट वॉज कन्क्लुडेड' असं लिहायची सवय लागते, ती सोडवायला हवी. निष्कर्ष कुणीतरी काढलेला असतो आणि त्याची जबाबदारीही त्याचीच असते. वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएच्या रचनेवरचा लेख २५ एप्रिल १९५३च्या 'नेचर'मध्ये छापला, त्याचं पहिलंच वाक्य 'वी'ने सुरू होतं. 'नेचर'ची नियतकालिकं आज लेखकांना अॅक्टिव्हमध्येच लिहायला सुचवतात.

मग पॅसिव्ह टाळावाच का? जॉर्ज ऑर्वेलने १९४६च्या एका प्रसिद्ध निबंधात तसा नियम घालून दिला. व्याकरणकार जेफ्री पुलम यांनी पुढे दाखवून दिलं, की त्या निबंधातच पॅसिव्ह जागोजागी आहे. पुलम यांचं म्हणणं पटतं. दोष रचनेत नसतो. कर्ता का गाळला, या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर आहे की नाही, एवढंच पाहायचं असतं.

वऱ्हाडला हा प्रश्न इतिहासानेच विचारलेला आहे. १८५३ मध्ये इंग्रजांनी निजामाशी तह केला. हैदराबाद काँटिंजंट या फौजेच्या खर्चापोटी थकलेलं कर्ज पुढे करून वऱ्हाडचा कारभार स्वतःकडे घेतला. इंग्रजी दप्तरात या मुलखाला नाव पडलं 'हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स'. 'असाइन्ड' हा थर्ड फॉर्म. सोपवलेले जिल्हे. कुणी सोपवले, कुणाला, कोणत्या दबावाखाली, यातलं काहीही नावात नाही. ज्याने घेतलं, तो वाक्यातून बाहेर आहे. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमचा पट्टा करून घेतला आणि पुढच्या वर्षी वऱ्हाड मध्य प्रांताच्या कारभाराला जोडला गेला. अमरावती-अकोल्याच्या मुलांना पॅसिव्ह शिकवताना याहून जवळचं उदाहरण मिळायचं नाही. इतिहासाच्या आणि इंग्रजीच्या शिक्षकांनी हा तास एकत्र घ्यावा.

याच मुलखात, १८९७ मध्ये, अमरावतीला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. अध्यक्ष सी. शंकरन नायर, स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे. भाषा राज्यकर्त्यांचीच होती, पण काँग्रेसच्या त्या काळच्या ठरावांत 'धिस काँग्रेस' हा कर्ता पुन्हापुन्हा येतो. मागणी कोण करतंय, हे वाक्यात स्पष्ट असे.

आजच्या सरकारी मराठीत कर्ता पुन्हा नाहीसा झाला आहे. 'कळविण्यात येते', 'कार्यवाही करण्यात यावी', 'मदत वितरित करण्यात येईल.' गारपिटीने संत्र्याचा बहर झडतो, सोंगणीला आलेलं सोयाबीन भिजतं, आणि बातमी येते, 'नुकसानीचे पंचनामे करण्यात आले.' ज्याच्या वावरात पाणी साचलंय त्याला कोण आलं होतं आणि कोण यायचं राहिलंय, हेच विचारायचं असतं.

अशी बातमी हा इंग्रजीच्या तासाचा उत्तम धडा होऊ शकतो. कर्ता नसलेलं प्रत्येक वाक्य मुलांनी अधोरेखित करावं आणि समासात तीनपैकी एक खूण करावी : कर्ता माहीत नाही, कर्ता सांगायची गरज नाही, कर्ता सांगितलेला नाही. तिसऱ्या खुणेची वाक्यं इंग्रजी अॅक्टिव्हमध्ये लिहायची. पंचनाम्याचं वाक्य खेड्यातली मुलं लगेच सोडवतात, कारण तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक आलेले त्यांनी पाहिलेले असतात. 'द तलाठी इन्स्पेक्टेड अवर फील्ड' हे वाक्य त्यांना कुणी सांगावं लागत नाही. मदतीच्या वाक्यावर मात्र वर्गात एकमत होत नाही. कुणी 'द गव्हर्नमेंट' लिहितं, कुणी तहसीलदार, कुणी बँक. आणि 'विल'च्या पुढे तारीख कोणती घालायची, असंही एखादी मुलगी विचारते.