15 किलोचा रोबोट आणि गोठ्यातली कुट्टी

आज पिकाचं काही नाही, मशीनचं आहे.

पुतण्या मेकॅनिकल डिप्लोमाला आहे. त्याच्या गटाने रोबोवॉरसाठी 15 किलो वजनगटातला रोबोट करायचं ठरवलं. वेल्डिंग आणि ग्राइंडर आपल्या शेडमध्ये, म्हणून दोन महिने मीही त्यात गुंतलो.

आईने आधीच बजावलं, "फिरतं पातं परत घरात नको." कारण घरात सगळ्यांना माहीत आहे. चुलत्यांची दोन बोटं कडबाकुट्टीत गेलीत. लाईट गेली होती, ते अडकलेला कडबा काढत होते, आणि लाईट आली.

आता रोबोटचं. शस्त्र म्हणजे 3 किलोची, 20 सेंमी व्यासाची पोलादी चकती. मिनिटाला 3000 फेरे घेताना तिच्यात साधारण 740 ज्यूल ताकद साठते. म्हणजे 50 किलोचं पोतं दीड मीटरवरून आदळावं तेवढी. फेरे दुप्पट, 6000 केले की ताकद दुप्पट नाही, चौपट होते. तेच पोतं 6 मीटरवरून! कुट्टीच्या जड चाकाचंही हेच गणित. म्हणून बटण बंद केलं तरी ते फिरत राहतं.

चकतीला मोटर थेट न जोडता मध्ये पट्टा टाकला. जोराचा दणका बसला की पट्टा घसरतो, मोटर वाचते. रोटाव्हेटरच्या पीटीओ शाफ्टला शियर बोल्ट असतो ना, काम तेच. स्वस्तातला भाग जाऊ दे, महागातला राहू दे.

पण मला सगळ्यात भावले ते सुरक्षेचे नियम. बॅटरीच्या वायरमध्ये एक काढता येणारी लिंक असते. ती काढली की रोबोट मेला. चकतीला अडवायला वेगळी खीळ. रिमोटचा सिग्नल तुटला तर सगळं आपोआप बंद झालंच पाहिजे. चकती फिरवायची ती फक्त बंद पॉलिकार्बोनेटच्या पिंजऱ्यात. शेडमध्ये आम्ही चकती उतरवूनच नुसती चाकं चालवून बघायचो.

पहिल्याच लढतीत आमचं एक चाक उडालं, हरलो. पोरं मात्र खूश होती, कारण मोटर शाबूत होती आणि सगळ्यांची बोटंही.

गडी खेळासाठी एवढं जपतात, आणि आपण रोज ज्यात हात घालतो त्या मशीनला काय आहे? मी गोठ्यात तीन गोष्टी केल्या:

1) साधा स्विच काढून पुश-बटण स्टार्टर बसवला. लाईट गेली की त्याचा कॉन्टॅक्टर सुटतो, लाईट आली तरी हिरवं बटण दाबल्याशिवाय मोटर फिरत नाही. पंपाला लावतो तसला ऑटो स्विच कुट्टीला अजिबात नको.

2) अडकलेलं काढायच्या आधी प्लग काढायचा आणि स्वतःच्या नजरेसमोर ठेवायचा. ही आपली लिंक.

3) चाक पूर्ण थांबल्यावर पात्याजवळ जाड लाकडी ठोकळा अडकवायचा, मगच हात. काम झालं की ठोकळा काढून मगच प्लग लावायचा.

स्टार्टर इलेक्ट्रिशियनकडूनच बसवून घ्या, मोटरच्या एचपीप्रमाणे. चुलते स्वतः बघून गेले. काही बोलले नाहीत, दोनदा बटण दाबून बघितलं.

तुमच्याकडे कुट्टी कशावर चालते, साध्या स्विचवर की स्टार्टरवर? खाली लिहा.