रबराचा पाय आणि बसदीचा उंबरा



"कृत्रिम पाय लावून बसदीत गेलेलं चालतं का हो? रबर असतं ना त्यात?" हा प्रश्न गेल्या दशलक्षणात मला तिघींनी विचारला. एकीच्या सासऱ्यांचा पाय मधुमेहात गेलाय, दुसरीचा भाऊ उसाच्या ट्रॉलीखाली सापडला होता. तिसरीनं कुणासाठी विचारतेय ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. प्रश्न माझ्याकडे येतो, कारण आमच्या सासूबाईंचा डावा पाय गुडघ्याखाली काढून तीन वर्षं झाली आणि त्या रोज सकाळी आपल्या पायानं चालत बसदीत जातात.

आधी त्या पायाविषयी सांगते. आपण सगळे ज्याला 'जयपूर फूट' म्हणतो, तोच हा. १९६८ साली जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयातले हाडांचे डॉक्टर प्रमोद करण सेठी आणि फारसं शिक्षण नसलेले पण हातात कसब असलेले कारागीर रामचंद्र शर्मा, या दोघांनी मिळून तो घडवला. त्याआधी परदेशी धाटणीचे जे पाय मिळायचे, ते बुटात घालायचे म्हणूनच बनवलेले असत. बूट काढला की त्यांचा उपयोग संपला. आता आपल्याकडे पायातलं काढायची वेळ दिवसातून किती वेळा येते ते तुम्हीच मोजा. घरात, स्वयंपाकघरात, पंगतीत, देवासमोर. शेतातल्या चिखलात तर बूट नकोच वाटतो. त्या पायांत मांडी घालता येईना, उकिडवं बसता येईना. लोक ते घरी नेत आणि कोपऱ्यात ठेवून देत.

म्हणून या दोघांनी आत लाकूड आणि स्पंजासारखं रबर घेतलं, वरून त्वचेच्या रंगाचं रबर चढवलं आणि साच्यात घालून उष्णतेनं पक्कं केलं. टायरवर नवं रबर चढवतात तीच ही पद्धत. घोट्याशी तो चहूबाजूंनी वळतो. अनवाणी चालता येतं, पाण्यात भिजला तरी बिघडत नाही. वरची नळी साध्या प्लास्टिकच्या पाइपाची असते. उरलेल्या पायाचा प्लास्टरचा साचा घेतात आणि पाइप तापवून त्यावर बसवतात.

आपल्यातल्या पुष्कळ जणींना माहीत नसेल, हा पाय खेड्यापाड्यांत पोचवणारी संस्था महावीर भगवंतांच्याच नावाची आहे. २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या वर्षात, १९७५ साली, देवेंद्रराज मेहता या सरकारी अधिकाऱ्यांनी भगवान महावीर विकलांग सहायता समिती सुरू केली. मेहता स्वतः एका अपघातात पाय गमावता गमावता वाचलेले. समिती पाय फुकट देते. निर्वाण महोत्सवात तेव्हा कितीतरी ठिकाणी स्तंभ उभे राहिले, पण मला विचाराल तर या पायांसारखी प्रभावना दुसरी नाही.

आता मूळ प्रश्न. आपण बसदीत चामडं नेत नाही, कारण त्यामागे जीव गेलेला असतो. रबर झाडाच्या चिकापासून किंवा कारखान्यात होतं, पाइप प्लास्टिकचा. यात निषेध कशाचा? पाय बांधायचा पट्टा मात्र चामड्याचा असू शकतो. माप देतानाच विचारून घ्या. आम्ही कापडी पट्टा मागितला, लगेच मिळाला. आणि हा पाय म्हणजे चप्पल नव्हे. चप्पल बाहेर काढतात, पाय काढत नाहीत. सासूबाई बसदीच्या नळावर दोन्ही पाय धुतात, उजवा आधी, मग रबराचा. एका आजींनी पहिल्या आठवड्यात हटकलं होतं. "वैनी, हा पाय बाहेर ठेवून आत बसा, आम्ही धरून नेतो." सासूबाई म्हणाल्या, "मला धरून नेताना तुमचं सामायिक मोडंल आणि माझंबी." पुन्हा कुणी बोललं नाही.

सामायिकाला त्या मांडी घालून बसतात. आधी पाय हातानं उचलून आत घ्यावा लागतो, मग स्थिर. ४८ मिनिटं सलग जमायला त्यांना पाच महिने लागले.

त्यांचीच एक गोष्ट मला फार आवडते. रबराच्या तळव्याला काही कळत नाही. खडा, ओल, मुंगी, काही नाही. म्हणून प्रत्येक पाऊल बघूनच टाकावं लागतं. "साठ वर्षं ईर्यासमिती नुसती ऐकली, आता डॉक्टरनंच लावली," असं म्हणतात आणि स्वतःच हसतात.

ज्यांच्या घरी उपवास होतात त्यांच्यासाठी एक महत्त्वाचं. उरलेल्या पायाचा आकार कमी-जास्त होत असतो. उपवासात पाणी कमी पडलं की तो थोडा बारीक होतो आणि नळी सैल पडते. सैल नळीत घासलं की जखम, आणि मधुमेहात ती जखम लवकर भरत नाही. अशा दिवशी आत एक मोजा जास्त घालायचा. मोजे रोज धुऊन पूर्ण वाळवायचे. चातुर्मासात वाळत नाहीत, म्हणून आमच्याकडे सहा जोड आहेत. रात्री आरसा धरून खालून त्वचा बघायची, लाल डाग दिसला तर पाय लावायचाच नाही. आणि इन्शुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना न विचारता उपवास धरूच नये. सासूबाई आता एकाशन करतात, तेही विचारून. त्यांना ते बोचतं. गेल्या अनंत चतुर्दशीला डोळ्यांत पाणी होतं, मी पाहिलं.

गुडघ्यावरून पाय गेला असेल तर गोष्ट अवघड होते, कारण गुडघाही बनवावा लागतो. जयपूरच्या समितीनं अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांबरोबर नायलॉनचा स्वस्त गुडघा केला. २००९ साली 'टाइम' साप्ताहिकानं त्या वर्षीच्या उत्तम शोधांत त्याचं नाव घेतलं. मद्रासच्या आयआयटीनंही २०२२ मध्ये 'कदम' नावाचा देशी गुडघा आणला. चिप बसवलेले गुडघेही निघालेत, चाल ओळखून आपोआप आवळतात-सैलावतात, पण त्यांची किंमत लाखांत. बातम्यांत तेच दिसतात. आपल्या घरी मात्र जमिनीवर बसता येणारा पाय आधी लागतो.

पाय मिळाला तरी आमच्या बसदीच्या नऊ पायऱ्या तशाच आहेत. फरशी गुळगुळीत, अभिषेकानंतर ओली. कठडा बसवा म्हणून सासूबाईंनी विश्वस्तांना स्वतः अर्ज लिहिला. "एकीसाठी कशाला" असं एक काका म्हणाले. मग आम्ही रविवारी दारात उभं राहून मोजलं, भिंतीला हात लावून चढणारी माणसं सव्वीस निघाली. त्यात ते काकाही होते. उजव्या बाजूचा कठडा महावीर जयंतीच्या आधी बसला. चाकाच्या खुर्चीसाठी उतार करायचा विषय पुढच्या बैठकीत आहे. मागच्या दारानं जागा पुरते, माप आम्ही घेऊन ठेवलंय.