वाफेचे युग कुणाचे होते? एका गोधडीच्या निमित्ताने

धुळ्यातल्या आमच्या खोलीत सध्या पाय ठेवायला जागा नाही. जमिनीवर निळ्या पॉपलीनचा पन्हा पसरला आहे. त्यावर जुन्या जीन्सचे तुकडे, घड्याळ दुरुस्तीवाल्याकडून आणलेली पितळी चाके, शिलाई मशीनच्या रिकाम्या बॉबिन आणि कुणाच्या तरी रेल्वे युनिफॉर्मची बटणे. ३१ जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर जायचे आहे. १९३७ साली बाबासाहेब कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आले होते, तेव्हाची आठवण म्हणून दरवर्षी तिथे आपली माणसे जमतात. यंदा तिथे बॅनरऐवजी कापडी पट लावायचा असे ठरले आहे.

कल्पना आमच्या गटातल्या एका मुलीची. ती मोबाईलवर स्टीमपंकचे व्हिडिओ बघते. आपल्यातल्या बऱ्याच जणांना हा शब्द नवा असेल म्हणून सांगतो. १९८७ साली के. डब्ल्यू. जेटर या अमेरिकन लेखकाने तो गमतीत वापरला आणि पुढे रूढ झाला. वीज आणि कॉम्प्युटर आलेच नाहीत, जग वाफेच्या इंजिनावरच पुढे गेले, अशी कल्पना करून लिहिलेल्या गोष्टी म्हणजे स्टीमपंक. नंतर त्याचे कपडे, दागिने, कापडकाम निघाले. दातेरी चाके, पितळ, चामड्याचे पट्टे, जुने घड्याळ, त्यावर हाताची शिवण. दिसायला देखणे आहे, हे कबूल करायला हरकत नाही.

पहिला आक्षेप आमच्या घरातूनच आला. आई दारात उभी राहून म्हणाली, "हाई भंगार गोधडीले कसाले लावस?" मग बराच वेळ काही बोलली नाही. तिच्या लहानपणी गोधडी म्हणजे जुन्या लुगड्यांचे थर, कारण रजई विकत घेण्याची ऐपत नव्हती. चिंध्यांत वाढलेल्या बाईला लेकरांनी हौसेने चिंध्या गोळा केलेल्या बघणे सोपे नाही.

आणि आईचा आक्षेप नुसता भावनेचा नाही. १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना काय सांगितले ते आपण दरवर्षी भाषणात सांगतो: स्वच्छ आणि नीटनेटके राहा, जातीची खूण सांगणारे दागिने आणि नेसण्याची पद्धत सोडा. ज्यांच्यावर फाटके कधी लादले गेले नाही, त्यांना ठिगळ ही फॅशन वाटते. एमएला असताना आम्ही सांस्कृतिक भांडवलावर पेपर लिहिला होता. तो मुद्दा आईने दारात उभे राहून एका वाक्यात मांडला. म्हणून आम्ही एक नियम केला. पटाचे मूळ कापड नवे, कोरे आणि निळेच राहील. जुने ते त्यावर पुरावा म्हणून येईल, सजावट म्हणून नाही.

आता पुरावा कसला? वाफेचे युग आपल्याकडेही आले होते. अमळनेरची आणि धुळ्याची प्रताप मिल, जळगावची खान्देश मिल. आज भोंगे बंद आहेत. जळगावला तर गिरणीच्या जागेवर मॉल उभा आहे. पण त्या यंत्रापर्यंत कुणाचा हात पोचू दिला जात होता? मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात मजुरी जास्त होती आणि तिथे अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. कारण ऐका. धोट्यातली कांडी संपली की नवी घालताना धाग्याला तोंड लावावे लागे. म्हणजे आपली थुंकी धाग्याला आणि तोच धोटा सवर्ण कामगाराच्या ओठाला! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. भांडवलदाराविरुद्ध सगळे कामगार एक, असे म्हणणाऱ्या लाल बावट्याखालीही धागा बाटत होता.

रेल्वेतही तेच. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले, ते आपल्याला पाठ आहे. त्याच भाषणातला एक साधा तपशील मात्र आपण विसरतो. आपला माणूस गँगमनच राहतो, त्याला पोर्टरसुद्धा करत नाहीत, कारण स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरची कामेही करून घेतो. इंजिन इंग्लंडहून आले, पण ते चालवणारी व्यवस्था गावातलीच होती.

पटाच्या मधोमध आम्ही चाळीसगाव घेतले आहे. १९२९ साली बाबासाहेब धुळे लाईनवरच्या एका गावात बहिष्काराची चौकशी करून आगगाडीने चाळीसगावला परतले. स्टेशनपासून महारवाडा चालत जाण्याच्या अंतरावर होता, तरी लोकांनी तासभर थांबवले, कारण एकही टांगेवाला महाराला बसवून टांगा हाकायला तयार नव्हता. शेवटी टांगा मिळाला, हाकणारा मिळाला नाही. वस्तीतलाच एक जण पुढे बसला, त्याला हाकता येत नव्हते. नदीवरच्या मोरीच्या कडेच्या दगडावर चाक आदळले, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, पाय मोडला. टांगा घोड्यासकट नदीत गेला.

हे शिवायचे कसे? आगगाडीची चाके पितळी, टांग्याचे चाक जीन्सचे. पितळी चाक जड असते, पॉपलीन ओढले जाऊन झोळ पडतो. म्हणून खाली कॅनव्हास लावून चाकाच्या प्रत्येक दाताला टाका घ्यावा लागला. लोखंडी वायसर लावले होते, पावसाच्या दमट हवेत दोन दिवसांत गंजून निळ्यावर तांबडे डाग आले. व्हिडिओत असे डाग मुद्दाम पाडतात म्हणे. आम्ही ते उसवले आणि कापड धुतले. धावदोरा आईने घातला. कडेने सुरू करून आत आत, खान्देशी गोधडीला घालतात तसा. ती अजूनही भंगार म्हणतेच, पण आमचे टाके लांब पडतात म्हणून तिने सुई काढून घेतली.

वाद राहिला तो टांगा हाकणाऱ्याचा. एक कार्यकर्ता म्हणाला, त्याला पटावर घेऊ नका, कमीपणा दिसतो. आम्हाला हे पटले नाही. पाहुण्याने पायी चालत येऊ नये, एवढ्यासाठी तो न येणारे काम अंगावर घेऊन बसला. बाबासाहेबांनीही घडले ते तसेच लिहून ठेवले, झाकले नाही. तो पटावर आहे. चेहरा नाही, हातात लगाम आहे.

एक विनंती. ज्यांच्या घरी आजोबांचा धोटा, गिरणीचा बिल्ला किंवा गँगमनचा कंदील असेल, त्यांनी ३१ तारखेला लांडोर बंगल्यावर सोबत आणावा. आम्ही कापडावर खडूने त्याचा आकार काढून घेऊ आणि वस्तू तिथेच परत देऊ. जयभीम.